मोरी पुरेल

बाबा, पुण्याहून मी तुला पत्रं लिहायचे ती पोस्टमन तुला वाचून दाखवायचा. आपल्या ओटीवर बसून, पाणी पिऊन, मोठ्या आवाजात. शेजारच्या दोन-चार बायका हातातली कामं टाकून ऐकायला यायच्या. हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या पत्रांत मी नेहमी खुशाल असायचे, अभ्यास चांगला चाललेला असायचा आणि मेसचं जेवण बरं असायचं. दुसरं काही लिहायची सोयच नव्हती. आज लिहिते आहे ते कुणी वाचून दाखवणार नाही. तू गेलास तेव्हा तुझी पन्नाशीही पुरी व्हायची होती. मी आता तुझ्याहून तीस वर्षांनी मोठी आहे. कधी आरशात बघताना वाटतं, तू म्हातारा झाला असतास तर असाच दिसला असतास. तुझ्यासारखीच माझी डावी भुवई थोडी वर चढलेली असते, जशी काही सतत कुणाला तरी विचारते आहे की खरंच का गो?

तू मैलकुली होतास. पोलादपूरवरून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा तुझ्या आणि तुझ्या जोडीदाराच्या हवाली होता. खड्ड्यांत मुरूम भरायचा, गटारं मोकळी ठेवायची, साहेब यायच्या आधी कडेच्या दगडांना चुना लावायचा. भाताची दोन खाचरं आणि वरची नाचणीची जमीन आई बघायची. तू सकाळी घमेलं, फावडं आणि लाल निशाण घेऊन डोंगर उतरायचास, आणि सुट्टीच्या दिवशी मी तुझ्यामागे. मी सात-आठ वर्षांची असेन. रस्त्याच्या मधोमध कुणी चार दगड गोल मांडून ठेवले होते. मी ते उचलून खेळायला घेतले. तू लांबून पळत आलास आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की माझा श्वासच अडकला. त्या दगडांच्या मध्ये रस्ता आतून खचला होता. वरून नुसता डांबराचा पापुद्रा राहिला होता. "रस्त्यावरचा दगूड कुनी ठेवलाय तर त्याला कारन असतं," तू म्हणालास. "न इचारता हलवायचा नाय." मग मला कडेवर घेऊन तो खड्डा दाखवलास, काठी खुपसून, किती खोल आहे ते. माझा रस्त्यांचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मी नंतर नोकरीत गमतीनं सांगायचे. धपाट्याचं सांगायचे, पुढचं कधी सांगितलं नाही.

पोलादपूरची शाळा संपल्यावर तू मला महाडला मावशीकडे ठेवलंस. वाडीत लोक म्हणाले, पोरीला एवढं शिकवून काय करणार, तुझा भाऊ मुंबईत गिरणीत आहे, तिकडंच एखादं स्थळ बघ. तू वाद घातला नाहीस. तुला वाद घालता यायचा नाही. तू हं हं करायचास आणि मग मनात होतं तेच करायचास. मॅट्रिकला गणितात मी केंद्रात पहिली आले, इंटरपुरती पुण्यात मावशीच्या नात्यात सोय झाली आणि चांगले मार्क पडले, आणि इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा प्रश्न आला तो राहण्या-जेवणाचा. महाडला आपल्या खोऱ्यातल्या मंडळींनी शिक्षण फंड काढला होता. त्याचे अध्यक्ष म्हणजे तुम्ही सगळे ज्यांना शेट म्हणायचात ते, तालुक्यातली रस्त्यांची आणि रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्यांची बरीचशी कामं घेणारे कंत्राटदार. त्यांच्या माडीवर पाच जण बसले होते. मी सतरंजीच्या कडेला, आणि तू दारात, टोपी हातात घेऊन. बस म्हणाले तरी तू बसला नाहीस. एक वकील होते, ते म्हणाले, "मुलीनं इंजिनिअर होऊन काय विहिरी खणायच्या?" सगळे हसले. शेट पान लावत होते, मान वर न करता म्हणाले, "खणेल की. आपल्याला पाण्याशी मतलब." आणि फॉर्मवर सही केली. राज्य नवीन होऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हा. तालुक्यातली इंजिनिअरिंगला जाणारी मी पहिलीच मुलगी, असं त्यांनी मला खाली सोडायला येताना सांगितलं. त्यांना माझा अभिमान वाटत होता, बाबा. हे मला तेव्हाही दिसत होतं. ते पुढे मी विसरले कशी, हेच मला कळत नाही.

त्या दिवशी तू लगेच घरी परतला नाहीस. आपण होडीतून सावित्री ओलांडली आणि सव गावाला गेलो. तू गरम पाण्याच्या कुंडाच्या काठावर बसलास, पायजमा गुडघ्यापर्यंत सारलास आणि पाय हळूहळू पाण्यात सोडलेस. दिवसभर रस्त्यावर वाकून तुझे गुडघे दुखायचे, पण ते तू एरवी बोलायचा नाहीस. मीही पाय सोडले. चटका बसला म्हणून ओरडले, तू हसलास. वाफेतून तुझा चेहरा नीट दिसत नव्हता. तू म्हणालास, "साहेब झालीस की माज्याच रस्त्यावर ये. मी दगडांना चुना लावून ठेवीन." मी म्हटलं, "आणि नीट लावला नसलास तर?" तू म्हणालास, "मग पगार काप माजा." आपण दोघंही किती वेळ तिथे बसून होतो. मला वाटतं माझ्या सगळ्या आयुष्यातला तो एक दिवस असा आहे ज्याला कुठेच डाग नाही.

वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरी पुण्यातलीच, मोठ्या घरची, तिला फंडाची गरज नव्हती. वर्कशॉपमध्ये आम्हाला पदर खोचून कानस चालवावी लागायची, सर्वेला चपला घालून टेकड्या चढाव्या लागायच्या. ते मी एका पत्रात सहज लिहिलं, आणि दिवाळीला घरी आले तर तू महाडच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणून ठेवले होतेस, पुरुषांचे, माझ्या पायाला दोन बोटं मोठे. "पायात धड काय असल्याबिगर रस्त्यावर उतरू नये," इतकंच म्हणालास. पुढे चिंध्या कोंबून मी ते दोन वर्षं वापरले. मुलं हसायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. मला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. दर जूनला फंडाच्या फॉर्मवर अध्यक्षांची नवी सही लागायची. गुण आणि वर्तणूक समाधानकारक. पहिल्या वर्षाच्या शेवटी एका मुलाची सही झाली नाही. कारण काय ते कळलं नाही. कुणी म्हणे नापास झाला, कुणी म्हणे त्याच्या काकानं शेटशी भांडण केलं. तो परत आला नाही. त्याची खाट रिकामी राहिल्याचं ऐकलं तेव्हापासून मी जून महिन्याला घाबरायला लागले.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी मे महिन्यात घरी आले तेव्हा तुझ्या रस्त्यावर काम चाललं होतं. मोठ्या पऱ्यावरची, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यावरची जुनी दगडी मोरी, दोन गाळ्यांची, तडे गेले म्हणून पाडली होती आणि तिथे सिमेंटच्या एका नळाची मोरी बसत होती. काम शेटचं होतं. नकाशा सरकारी ऑफिसातला. नळ बसला होता, वर भराव घालणं चालू होतं. तू मला तिथे घेऊन गेलास, पण कामावर न नेता पऱ्याच्या वरच्या अंगाला नेलंस. तिथे एक मोठा कातळ आहे. त्यावर चुन्याच्या आडव्या रेघा होत्या, काही पुसट, काही ठळक, खाली-वर. तू म्हणालास, "ह्या आखाडातल्या. दरसाल पानी जितका चढला तितक्यावर मी रेघ मारतो. उरलेल्या चुन्याची." मी मोजल्या. पंधरा-सोळा होत्या. पंधरा-सोळा वर्षं तू हे करत होतास आणि कुणाला बोलला नव्हतास.

"ह्या नळात इतका पानी मावायचा नाय, बाय," तू म्हणालास. "मी मुकादमाला बोललो. तो म्हनतो, साहेबांनी इचार केला असंल. म्हनून म्हनतो, तू शिकतेस ना ह्याच्यातला? तू हिशोब करून बघ. नाय तर माजाच डोळा चुकत असंल."

आपण सुताच्या दोरीनं मापं घेतली. तू पऱ्यात उभा, मी वहीत लिहीत. दुपारी चुलीपाशी बसून मी हिशोब केला. आई भाकऱ्या थापत होती, मध्येच माझ्या वहीवर पीठ उडालं तर तिनं पदरानं पुसलं, जपून, जसं देवाच्या पोथीवरचं पुसावं. डोंगराचा उतार, पऱ्याला मिळणारं पाणी किती भागातलं, पाऊस किती, आणि तुझ्या रेघांची उंची. नुकतंच शिकले होते ते सगळं. एकदा केलं, दोनदा केलं, तिसऱ्यांदा आकडे बदलून केलं. उत्तर एकच येत होतं. तसे तीन नळ लागले असते. निदान दोन गाळ्यांची जुनी मोरी होती तेवढी तरी वाट पाण्याला हवी होती. तुझा डोळा चुकत नव्हता.

वहीच्या मागच्या पानात फंडाचा फॉर्म घडी घालून ठेवलेला होता. पुढच्या आठवड्यात मला तो घेऊन शेटच्या माडीवर जायचं होतं. त्यांच्याच कामात त्यांच्याच फंडावर शिकणारी, दुसऱ्या वर्षाची मुलगी खोट काढते आहे. आणि खोट तरी कुणाच्या नकाशाची, तर मोठ्या इंजिनिअरांच्या. ते वकील काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. मी त्या रिकाम्या खाटेचा विचार केला. पावसाचा विचार केला नाही असं नाही. केला. वाटलं, फार तर रस्ता वाहून जाईल, परत बांधतील. रस्त्यावर माणूस उभा असेल हे माझ्या मनात आलंच नाही.

संध्याकाळी तू आलास, पाय धुतलेस, आणि पाय पुसता पुसताच विचारलंस, "काय आला?"

मी म्हटलं, "पुरेल, बाबा."

तू थांबलास. "नक्की?"

"नक्की. आता नवीन पद्धतीनं हिशोब करतात. नळातून पाणी जोरात जातं. मोरी पुरेल."

तू माझ्याकडे बघत राहिलास. त्यानंतरची साठ वर्षं मी त्या बघण्याचा अर्थ लावते आहे. कधी वाटतं तुला कळलं होतं. कधी वाटतं तुला खरंच हायसं वाटलं. कारण मग तू हसलास आणि आईला म्हणालास, "ऐकलास? मी उगाच मुकादमाचा डोका खाल्ला. माज्या डोळ्यापेक्षा पोरीचा हिशोब खरा." त्या दिवशी तू दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास.

फॉर्मवर सही झाली. मी जूनमध्ये पुण्याला गेले. आषाढात तार आली, वडील अत्यवस्थ, निघून ये. महाबळेश्वरकडून येणारा रस्ता बंद होता. का बंद होता ते स्टँडवर कुणाला विचारायचं मला सुचलं नाही. मी भोरवरून वरंध घाटानं महाडला आले, तिथून पोलादपूर, आणि पुढे चिखलातून पायी. वाडीच्या खाली तुझा जोडीदार माझी वाट बघत उभा होता. त्यानं माझी पिशवी घेतली. त्याच्या डोक्यावरचं इरलं काढून मला दिलं आणि स्वतः भिजत चालला. मी म्हटलं, "काका, बाबा कसा हाय?" तो म्हणाला, "झाला गो बाय सगळा. कालच झाला."

मग त्यानं चालता चालता सांगितलं. तीन दिवस पाऊस सुटला नव्हता. सकाळी तुम्ही दोघं आणि मुकादम मोरीपाशी गेलात तर वरून वाहून आलेला एक ओंडका नळाच्या तोंडात अडकला होता आणि पाणी भरावाला लागून चढत होतं. मुकादम म्हणाला, वर या, राहू दे. "तुजा बाबा म्हनला," काका सांगत होता, "घाबरू नका, पोरीनं हिशोब केलाय. मोरी पुरेल. निसता लाकूड काढला की झाला. आनि कोयता घेऊन उतरला. मी दोर धरला होता गो. पन भरावच सरला सगळा एकदम. दोर माज्या हातात राह्यला." त्यानं हात पुढे केले. तळव्यांची सालटं निघाली होती. तू दुसऱ्या दिवशी पोलादपूरच्या खाली, सावित्रीच्या काठाला सापडलास.

आई रडत नव्हती. ती मला म्हणाली, "केस पुस. सर्दी होल." आणि स्वतःच्या लुगड्याच्या पदरानं माझं डोकं पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "तुला त्यानं मोरीचा काय इचारला होता ना गो? तू बरोबर सांगितला होतास ना?" मी हो म्हटलं. तिनं परत कधी विचारलं नाही. पुढे वीस वर्षं ती माझ्याजवळ राहिली, माझी मुलं तिनं वाढवली, आणि त्या एका हो-वर मरेपर्यंत विसंबून राहिली.

बाराव्याला शेट आले. चिखलातून चालत आले, त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भरलं होतं. ओटीवर बसले. मग मला जवळ बोलावलं. म्हणाले, "तुझं शिक्षण थांबणार नाही. मी असेपर्यंत तुला फॉर्म घेऊन यायची गरज नाही." मी मान हलवली. ते मग जमिनीकडे बघत म्हणाले, "पोरी, एक तुला सांगतो. मलाच त्या नळाची शंका होती. मुकादमानं तुझ्या बापाचं म्हणणं माझ्या कानावर घातलं होतं. पंधरा वर्षं त्या पऱ्यावर काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी ऑफिसला लिहिणार होतो, भराव थांबवणार होतो. तेवढ्यात तोच माझ्याकडे महाडला आला. म्हणाला, शेट, माजी चूक झाली, पोरीनं हिशोब केला, मोरी बरोबर हाय. म्हणून मी गप्प बसलो."

तू महाडला गेला होतास, बाबा. हे मला माहीत नव्हतं. एक दिवसाचा खाडा करून, माझ्या हिशोबाची बातमी द्यायला. मला वाटतं तू माझ्यासाठी गेला असशील. तुझ्या बोलण्यानं शेट रागावले असतील आणि ते माझ्या फॉर्मवरच्या सहीवर बेतेल, ही भीती तुझ्याही मनात असेल. का नुसता अभिमानानं गेलास, पोरीनं हिशोब केला हे सांगायला? दोन्हीतलं कुठलंही खरं असलं तरी मला सोसत नाही.

शेट माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, मी केला होता." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "दुसऱ्या वर्षाची पोर तू. हिशोब चुकतो कुणाचाही. मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हा मी सांगायला हवं होतं. ओटीवर पावसाचा आवाज होता, आत बायका होत्या, कुणाला ऐकूही गेलं नसतं. त्या माणसानं मला काही केलं नसतं, हे आता माझ्यासमोर उघडं पडलं होतं, आणि त्यामुळेच मला तोंड उघडवेना. मी खाली मान घालून रडले, आणि माझा हिशोब चुकला होता असं त्यांनी समजून घेतलं. सगळ्यांनीच तसं समजून घेतलं. वाडीतही लोक माझ्याशी फार मायेनं वागले. मुकादमानं तर मला सांगितलं की असा पाऊस त्यानं जन्मात बघितला नव्हता. ऑफिसच्या चौकशीतही तेच लिहिलं गेलं. पण तो कातळ मी जायच्या आधी बघून आले. त्या वर्षीचं पाणी कुठवर चढलं होतं ते झाडोऱ्यावरून दिसत होतं. तुझ्या वरच्या दोन रेघांच्या ते खालीच होतं.

मी शिकले. पास झाले. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी धरली, मोठी झाले, माणसं हाताखाली आली. कुणी अडाणी माणूस ऑफिसात येऊन म्हणाला की बाई, इथून पाणी यायचं नाही, तर मी सगळी कामं बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जायचे. लोक त्याचं कौतुक करायचे. ती मोरी सरकारनं पुढच्याच वर्षी परत बांधली, तीन गाळ्यांची. शेट गेले, तुझा जोडीदार गेला, आई गेली. सांगण्यासारखं माणूस एकेक करून संपलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी त्याचीच वाट बघत होते.

हे पत्र मी वाचून फाडून टाकणार आहे. माझ्या मुलांना तू शूर माणूस म्हणून माहीत आहेस, तसाच राहा. एक मात्र उरलं. तू गेलास त्याच्या पुढच्या एप्रिलात आमच्या पेपरला मोरीचा प्रश्न आला होता. पऱ्याला येणारं पाणी दिलं होतं आणि गाळा किती हवा ते काढायचं होतं. मी तो सगळ्यांत आधी सोडवला, बाबा, आणि बरोबर सोडवला. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, कसा गेला? मी हसून म्हटलं, मस्त गेला. आणि मला खरंच आनंद झाला होता. आम्ही दोघींनी फाटकाशी उभं राहून उसाचा रस घेतला. तुझी आठवण मला खोलीवर गेल्यावर आली.